आकड्यांची पेटी

दोन हिवाळे मी आर्डिस शेल्स्टाडच्या पंपावर रात्रपाळी केली,
नॉर्थ डकोटात, जिथे दोन रस्ते एकमेकांना कापतात
आणि तिसरं काही घडत नाही.

भाव चढायचा तेव्हा फोन यायचा.
पहाटे पाच, बिस्मार्कचा घाऊकवाला,
एक वाक्य, की ठेवलाच.
बाई गेलेल्या नवऱ्याचा कोट चढवून बाहेर.
हातात लांब काठी, काठीच्या टोकाला रबरी वाटी,
वाटीला चिकटलेला आकडा.
उणे अठ्ठावीसात रबराचा दगड होतो;
ती त्यावर तोंडाची वाफ सोडायची
आणि सात मिनिटांत
तीन एकोणीसचे तीन एकोणपन्नास.
समोर ब्रेकेच्या पंपावर तोवर दिवा लागलेला.
तोही काठी घेऊन उभा.

उतरताना फोन येत नाही.
उतरताना फक्त रेडिओ बोलतो,
गव्हाच्या भावानंतर, हवामानाच्या आधी:
तेल पुन्हा घसरलं.
मी काचेतून पाटीकडे बघायची.
बाई हिशेबाच्या वहीकडे.

"खाली अजून गेला मंगळवार आहे," ती म्हणायची
आणि लाकडी पट्टी टाकीत सोडून दाखवायची:
आठ हजार गॅलन मंगळवार,
महाग घेतलेला, लवकर न आटणारा.
खरं होतं ते. शुक्रवारपर्यंत.

शुक्रवारी टँकर आला, स्वस्त.
आकडा तिथंच.
ब्रेके त्याच्या खिडकीत, बाई तिच्या,
मध्ये चौपदरी बर्फ,
आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?
"चढताना मी तीन आठवडे पदरचे घातले," ती म्हणाली,
"तेव्हा कोणी विचारलं नाही."
हेही खरं होतं. बहुधा.
कार्डवाल्या बँकेचे टक्के, गळकं छत, हीटरचं बिल,
सगळं त्या उशिरात मावत होतं.

आणि गिऱ्हाईक?
भाव चढला की तीन सेंटांसाठी अकरा मैल जाणारी माणसं
एक सेंट उतरला की हुश्श करून टाकी फुल करत.
बाकीचा कुठाय, कोणी विचारत नव्हतं.

गारेट व्होल्डननं विचारलं.
सोमवारी रात्री, कॉफीसाठी सुटे मोजत.
काउंटरमागच्या काचेतून त्याच्या विहिरी दिसायच्या,
शेतात लोखंडी माना हलवणाऱ्या, सगळ्याला हो हो म्हणणाऱ्या;
त्यातल्या चार त्या दुपारी थांबवल्या होत्या.
"पिपाचा भाव पडला जेवणाआधी," तो म्हणाला,
"माझी नोकरी पडली जेवणानंतर.
तिला नाही कुणी टाकीत चार दिवस ठेवलं."

बाईनं कॉफीचे पैसे घेतले नाहीत.
बराच वेळ कोरडाच काउंटर फडक्यानं पुसत राहिली.

पहाटे, फोन न वाजता, ती काठी घेऊन बाहेर गेली.
तीन एकोणपन्नासचे तीन चव्वेचाळीस.
पाच सेंट.
ब्रेकेनं दुपारपर्यंत पाहिलं, मग त्रेचाळीस केले
आणि हात केला, की शिवी दिली, लांबून कळलं नाही.

मी आकड्यांची पेटी आवरत होते.
तळाशी डॉलरच्या घरात बसणारा मोठा दोन,
एकुलता, कडेला उंदरानं कुरतडलेला.
पुसून वर ठेवला.
बाईनं बघितला,
परत तळाशी ठेवला,
आणि पट्टी घेऊन
खाली किती उरलंय ते मोजायला गेली.