२८७

कोऱ्या नमुन्यात कुणी नसायला हवं.
फक्त मिथेनॉल, आणि कडं:
अठरा अणूंचं, त्यातले सहा ऑक्सिजन
आत तोंड करून बसलेले,
मधलं पान मोकळं ठेवून.

तरी पडद्यावर २८७ ला सुळका.
दोनशे चौसष्ट अधिक तेवीस.
म्हणजे सोडियम. न बोलावता.

महाप्याच्या या तिसऱ्या मजल्यावर
मी काचेच्या कुप्या टाकून प्लॅस्टिकच्या घेतल्या,
नळी तीनदा धुतली, हातमोजे नवे.
पंप घुरघुरत राहिला, नायट्रोजन सुस्कारत,
आणि २८७ तिथेच,
जरा बुटका, पण तिथेच.

"घामातून येतं गं," ओजस्वी मढवी म्हणाली, "हवेतूनही.
खाडी किती लांब आहे इथून?"
तिचे वडील आगरात फळीने मीठ ओढायचे,
आता जिथे सर्व्हर थंड ठेवणारी
बिनखिडक्यांची इमारत आहे, तिथे.
पिकलं की नाही, त्यांना बोटाला कळायचं.
आम्हाला दशांशाची चार घरं लागतात.

दुपारी तीन क्षार समसमान घातले.
कासारापुढे हात धरावा,
त्याने अंगठा मुडपून, चवडा दाबून बघावं,
तसं कड्याने एकेकाला बघितलं असणार.
लिथियम सैल. सोडियम थोडा सैल.
३०३ सगळ्यांत उंच: पोटॅशियम.
मापात बसला.

एवढं लिहून वही मिटणार होते.
पण मग दोन्ही जोड्या
पोकळीत आरगॉनवर आपटून पाहिल्या,
जिथे पाण्याचा थेंबही नाही.
पोटॅशियम लवकर सुटला.
सोडियम सुटेना. ऊर्जा वाढवली, तरी सुटेना.

म्हणजे माप अर्धंच खरं.
कडं त्याला नको म्हणत नव्हतं कधी.
पाणीच सोडत नव्हतं.

ओजस्वी कुप्यांना चिठ्ठ्या लावत होती.
मान वर न करता म्हणाली,
"बाबांना प्लॉट मापात मिळाला, घरपण झालं.
उधाणाच्या रात्री अजून उठतात,
उघाडी बघून येतो म्हणतात.
दारापर्यंत जातात. चपला घालतात."

मग तिने पुढची चिठ्ठी लावली, तिरकी.

सातला शेवटचा कोरा नमुना. २८७.
पार्श्वभूमी वजा करायची का,
यंत्राने विचारलं.
मी नाही दाबलं
आणि हातमोजे काढले.
बोटं ओली होती.