येणे बाकी

जानेवारी संपत आला की माझ्या टेबलावर
बिस्किटांचे डबे जमतात.
डेरेक अ‍ॅक्रॉइडचा निळा, झाकण चेपलेलं;
आत वर्षभराच्या पावत्या, दोन चुका
आणि टाचेचा एक रबरी तुकडा.
बूटदुरुस्ती. एकट्याचा धंदा.
धंद्याचं नाव विचारलं की स्वतःचंच सांगायचा.
बुडालास तर राहतं घरही जाईल, मी बजावायचे.
"मग काय, शेजाऱ्याचं जाईल?"

उतारावरची बेकरी मॉरीनची आणि नसीमची.
निम्मं-निम्मं, कागदावर.
मॉरीनने हप्त्यांवर ओव्हन आणला
आणि झोप नसीमची उडाली.
सही तिची असली तरी देणं तुझंही, मी म्हटलं.
आठवडाभर दोघी बोलल्या नाहीत.
पाव मात्र पहाटे पाचला तयार.

गॅरेथ प्लंबर यंदा लिमिटेड झाला.
व्हॅनवरचा रंग अजून ओला.
विचारतो, कंपनीच्या खात्यातून
पोरीला सायकल घेऊ?
ते पैसे तुझे नाहीत, गॅरेथ.
"कंपनी म्हणजे मीच ना?"
नाही. ती निराळी व्यक्ती.
तिला सर्दी होत नाही, तिला पोरं नाहीत.
ती बुडेल तेव्हा तू काठावर राहावंस
म्हणून तर जन्माला घातलीस.
तो खिडकीतून व्हॅनकडे बघत राहिला,
आत कुणी परकं बसल्यासारखा.

गिरणीमागचं किराणा दुकान दोनशे बारा जणांचं.
शेअर कितीही असोत, मत एकच.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही:
कराडकडे दूध सोसायटीच्या सभेत
वडिलांच्या मांडीवर झोपलेली मी.
गणसंख्येअभावी तहकूब, अर्ध्या तासाने पुन्हा,
तिथेच, तीच माणसं.
कीथलीतही तस्संच. फक्त चहा फिका.

या वेळी निळा डबा डेरेकची मुलगी घेऊन आली.
दुकान माझ्या नावावर होईल का, म्हणाली.
हत्यारं होतील, भाड्याचं बघता येईल.
पण तो धंदा, बाई,
तुझ्या वडिलांबरोबरच गेला.
फॉर्मवर धंदा बंद झाल्याची तारीख लिहिली:
नऊ जानेवारी.
तीच तिच्या हातातल्या दाखल्यावर.

फळीवर सहा जोड तयार होते, चिठ्ठ्या लावलेले.
त्यातला एक माझा.
साडेअकरा पौंड.
ती म्हणाली, राहू द्या हो.

राहू कसे देऊ?
येणे बाकीच्या रकान्यात
मी माझंच नाव लिहिलं.