प्रदत्त मत

मांद्र्यात, आमच्या मागच्या खोलीत
गेले दोन महिने दानित्सा राहते.
तिचा देश मी मुलाच्या जुन्या नकाशावहीत शोधला.
करंगळीच्या नखाखाली सबंध मावला,
डोंगर, समुद्र, राजधानी धरून.

परवापासून ती नीट जेवत नाही.
व्हरांड्याच्या तिसऱ्या पायरीवर, जिथवर वायफाय पोचतं,
गुडघ्यांवर फोन ठेवून बसते.
निकाल लागला. मग फिरला. मग लागलाच नव्हता म्हणे.
एका गावात मतदार तीनशे बारा
आणि पेटीतून निघाली तीनशे एकोणऐंशी मतं.

"त्या गावात माझे बाबा आहेत," ती म्हणते.
इंग्रजी तिचं मोडकं, माझंही,
त्यामुळे आमचं बरं जमतं.
बाबा शाळेत गणित शिकवतात.
मोजणीच्या कागदावर सही करायला तयार नाहीत.
काल रात्रीपासून वर्गातच बसून आहेत,
बाहेर बर्फ, आत विझत आलेली शेगडी,
आणि दाराशी दोन माणसं,
अतिशय नम्र,
पेन घेऊन.

मी काय बोलणार?
म्हटलं, तिसऱ्या आणल्यात बाजारातून, फोडू लागतेस?
ती आदोळीवर बसली. एक शिंपली, दुसरी, तिसरी.
मग हात थांबवून विचारलं,
"तूही मास्तर ना? तुझ्याकडे होतं असं?"

बायको आत भात वेळत होती.
तिलाही मी हे कधी सांगितलेलं नाही.

कोरगावच्या शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. एप्रिल.
चार वाजता शेवंतें मोरजकर आली,
डोकीवरची बोंडांची पाटी दाराबाहेर उतरवून.
यादीत तिच्या नावापुढे खूण झालेली.
आणि सही. वळणदार, शेपटी मागे ओढलेली.
शेवंतें जन्मभर अंगठा लावत आलेली.
"म्हजें मत कोणें खालें, मास्तर?"
दोन्ही पक्षांचे एजंट एकदम खिडकीबाहेर बघू लागले.
बाहेर एक रिकामा झोपाळा होता, दुसरं काही नाही.

त्याला नियम आहे. नियमाप्रमाणे
मी तिला कागदी मतपत्रिका दिली,
मागच्या बाजूला माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: प्रदत्त.
तिने पुठ्ठ्याआड जाऊन शिक्का मारला,
फुंकर घालून वाळवला,
आणि देवाला फूल वाहावं तसा
कागद माझ्या हातात दिला.
मी तो वेगळ्या लिफाफ्यात घातला.

तिला वाटलं, मत पडलं.
मी सांगितलं नाही
की हा लिफाफा कोर्टाने मागितल्याशिवाय कुणी फोडत नाही,
आणि कोर्टात जायला कुणीतरी हरावं लागतं
अगदी थोडक्यात, वर खिशात पैसे असावे लागतात.
त्या वर्षी जिंकणारा अकराशेंनी जिंकला.
जाताना तिने टेबलावर चार बोंडं ठेवली.
मी खाल्ली.
दोन दिवस घसा धरला होता.

"मग तू सही केलीस?"
केली. सगळ्या कागदांवर, सगळ्या प्रतींवर.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, मतदान शांततेत.
ते खोटंही नव्हतं. शेवंतें
आवाज चढवून बोललीच नव्हती.

दानित्सा काही म्हणाली नाही.
मांजर शिंपल्या हुंगून गेलं.
तिसऱ्यांचं सुकं झालं, तिने दोन घास खाल्ले,
आणि तेवढ्यात फोन वाजला.
ती त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलली.
मला फक्त "नाही" कळलं;
ते "ने" असतं, कोकणीतल्या "ना"च्या शेजारचं.

मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली.
"शेगडी विझली. बाबा विचारतात,
तुमच्याकडे ऊन आहे का."

आहे, म्हटलं. सांग, भरपूर आहे.
रात्रीचे साडेआठ झाले होते.
ती क्षणभर अंगणातल्या काळोखाकडे बघत राहिली,
आणि मग तिने तसंच सांगितलं.