ठर्र

संध्याकाळी सातनंतर चाळीस मीटरवर
कोणीतरी शहाबादी फरशीवरून लोखंडी कॉट ओढायचं.
ठर्र.
मनात बावन्न मोजेपर्यंत शांत,
पुन्हा ठर्र.
त्याखाली गाडली जायची मदुराईची, कोलंबोची माणसं,
आणि शनिवारी नेमानं भेटणारा कारवारचा पिंटो,
ज्याचा चेहरा मी पाहिलेला नाही.

आधी घरचाच मेन स्विच पाडला.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं हेच शिकलो, चोर आधी घरात शोधावा.
सेट बॅटरीवर. अंधारात ठर्र.
म्हणजे बाहेरचा.

जुना ट्रान्झिस्टर कानाशी धरून अनगोळच्या गल्ल्या फिरलो.
आवाज वाढतो तिकडे धावायचं नसतं;
फिरवत फिरवत ज्या टोकाला तो मरतो
त्या रेषेवर त्याचं घर असतं.
हेस्कॉमचा लाइनमन हसला,
पण चढून खांबावरचा इन्सुलेटर पुसून गेला.
मागवाला सोमण्णा म्हणाला, "काय शोधूलायसा काका, साप?"
त्याचे माग बंदच होते. रसवाल्याची मोटर निर्दोष.
दंतवैद्याची पाटी, कन्नड मोठी, मराठी बारीक,
लुकलुकत होती; तीही निर्दोष.

वडगावात, विहिरीमागच्या बोळात
दोन रेषा एकमेकींना छेदल्या
त्या शिवलीला हुद्दारच्या पत्र्याच्या न्हाणीवर.
आत थर्माकोलचा खोका. साठचा बल्ब.
जुन्या इस्त्रीतून काढलेली थर्मोस्टॅटची पट्टी,
तिच्यावर ठिणगी, चिमणीच्या चोचीएवढी.
आणि चौदा अंडी, प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख.

मी बटणाकडे हात नेला.
"बंद माडब्याड्री!"
मग माझ्यासाठी मराठीत: "बारावा दिवस. एकवीस लागतात."
खिशात दोन रुपयांचा कपॅसिटर होता.
लावायला दहा मिनिटं, पण बल्ब विझवून.
तिनं असं पाहिलं की
तो खिशातच चाचपत घरी आलो.

वहीत लिहू लागलो: दिवस तेरा, ठर्र. दिवस चौदा, ठर्र.
शनिवारी पिंटोला दोन ठर्रंच्या मध्ये सांगितलं, अंडी आहेत.
त्यानं पुन्हा विचारलं, काय आहेत?

विसाव्या रात्री पाऊण वाजता
सगळा पट्टा एकाएकी स्वच्छ.
आणि कुठून तरी, फार लांबून,
न्हाणीतल्या गळक्या नळाइतकं बारीक
डा-डि-डा-डि, डा-डा-डि-डा:
कुणी आहे का, कुणी आहे का.
बोट कीवर गेलं.
मग खिडकीबाहेर पाहिलं.
खानापूर रोडपर्यंत एकही दिवा नव्हता.

सेटची बॅटरी सोडवली.
तो लांबचा माणूस अर्ध्या अक्षरात राहिला.
बॅटरी स्कूटरवर पायांमध्ये,
खिशात हेडलाइटचा जादा बल्ब, कपॅसिटर मात्र टेबलावरच विसरलेला.

शिवलीला गोधडीसकट खोक्याला कवळ घालून बसली होती.
तिनं टॉर्च धरला, मी वायरी मुरगळल्या.
बल्ब पेटला. खोका गार, तापायला वेळ लागणार.
आम्ही मोजत बसलो,
ती कन्नडमधून, मी मराठीतून.
बावन्न गेले. ऐंशी गेले. शंभरानंतर माझे आकडे
तिच्या आकड्यांत अडकले, पुन्हा एकपासून धरले.
ट्रान्झिस्टर कानाशी.

ठर्र.

"बंतेनरी?" तिनं विचारलं.
मी ट्रान्झिस्टर तिच्या कानाला लावला.