लो गिअर

उद्यमनगरात बाबालाल मिस्त्रीनं
गिअरबॉक्स उघडून दाखवला होता :
"ताकद हितं न्हाई पोरी, सावकाशीत हाय."

मसाईच्या पठारावर जांभा
दात विचकून टायरखाली.
मागं स्टेपनी, डिझेलचा कॅन खडखडतोय.
शेजारच्या सीटवर शालाक्का,
चार वर्षं माझ्याशी न बोललेली.

खाली उतरलो तर उसाच्या कडेची काळी माती.
ती चाक धरते, सोडत नाही,
डेअरीच्या कट्ट्यावरच्या चर्चेसारखी.
रेस दिली की आणखी आत.

छोटा दांडा मागं ओढला.
चारी चाकं एकमेकांना विचारत,
चिखल मागं थुंकत
वीतभर,
मग हातभर.

ओढ्यात पाणी बंपरच्या वर आलं,
इंजिन खोकलं,
तेव्हा समोर बघतच ती म्हणाली,
"आता क्लच दाबू नगंस."

नाही दाबला.