हरकती व सूचना

सभेला चाळीस माणसं येतील असा अंदाज होता,
एकसष्ट आली.
चहा कपातून बशीत, बशीतून शेजारच्याकडे गेला
आणि भिंतीवर टांगलेल्या नकाशात
वीस वर्षांनंतरचं मौदा
पिवळं, जांभळं, थोडं हिरवं,
पंख्याच्या वाऱ्यानं हलत राहिलं.

नागपूरहून आलेले साहेब म्हणाले, दुप्पट.
मोटघरेबाई म्हणाल्या, दुप्पट कोणाच्या नळाले?
आमच्या तं आताच दिवसाआड येते.
लेआऊटवाल्या चामटांना रस्ता अठरा मीटर हवा,
ज्याचं अंगण त्यात जातं तो बारावर अडलेला,
मागून कुणीतरी: पोट्टे तं सारे बुटीबोरीले चालले,
वाढून राहिलं कोण बाप्पा?

मी इतिवृत्त लिहिते. माझं काम तेवढंच.
हरकत क्रमांक, नाव, थोडक्यात म्हणणं.

मग गिऱ्हेपुंजे उठले, काठी खुर्चीला अडकवून.
साहेब, शाळा दोन वाढवल्या, टाकी वाढवली, बाजार वाढवला.
घाटावर ओटे किती?
दोन.
तेवढेच ठेवले तुम्ही.
हे वाढलेले लोक मरतीन नाई का?

हसले सगळे. साहेबही.
मग चष्मा कपाळावर चढवून
ते कन्हानच्या काठाकाठानं बोट नेत राहिले.
पंखा कुणीतरी बंद केला.

हरकत क्रमांक सतरा, मी लिहिलं.
मागच्या उन्हाळ्यात आईला घेऊन
आम्ही दीड तास थांबलो होतो तिथे, रांगेत.
‘थोडक्यात’च्या रकान्यात ते बसेना.
ओटे दोन, एवढं लिहून
खाली रेघ मारली.