दारात नेऊन बघा

लक्ष्मी रोडला, गल्लीच्या तोंडाशी
आठ बाय दहाचं आमचं मॅचिंग सेंटर.
बावीस वर्षं मी काउंटरच्या आत.
आमसुली, चटणी, विटकरी, डाळिंबी,
आणि डाळिंबीच्या शेजारचा, ज्याला नाव नाही
पण कप्पा आहे.
गिऱ्हाईक म्हणतं, जुळलं. मी म्हणते, नाही.
ट्यूबलाइटवर जाऊ नका, दारात नेऊन बघा.
दारातही त्यांना जुळतंच.
मग मी गुमान कापते. ऐंशी सेंटिमीटर.

हर्षद मालगाडीचा सहायक चालक होणार होता.
लेखी निघाली. पेढे वाटून झाले.
मग रेल्वेच्या दवाखान्यात कुणीतरी
ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.
बाकीची पोरं पाढे म्हणावेत तसे आकडे वाचत होती.
हा म्हणाला, सर, हे पान रिकामं आहे का?
त्यांना वाटलं चेष्टा करतोय.

चोवीस वर्षं माझ्या घरात, आणि मला पत्ता नाही.
मेंदी रंगाचा तागा काढ म्हटलं की
तो आधी चिठ्ठी वाचायचा.
मी म्हणायचे, किती नेटका पोरगा.
अलका चौकात बरोबर थांबायचा:
वरचा म्हणजे थांब, खालचा म्हणजे नीघ.
रंग नाही, जागा पाठ.

पाषाणच्या प्रयोगशाळेतली मृण्मयी केळुसकर
नळीत थुंकायला सांगते. लाजते ती, मी नाही.
म्हणते, मावशी, लाल दाखवणारा जो जीन असतो
त्यात एका जागी कुणाकडे हे अक्षर, कुणाकडे ते.
दोघांनाही लाल दिसतो. पण तोच दिसतो असं नाही.
एका मुलखात हे अक्षर जास्त, दुसऱ्यात ते.
आणि हर्षदसारखे
कुठे शंभर पुरुषांत आठ, कुठे चार, कुठे दोनच.
का, ते धड कुणी सांगत नाही.
"आणि आपल्याकडे?"
"तेच तर मोजतेय."
तिच्या बॅगेत नळ्या खुळखुळल्या,
जुन्नरच्या वरच्या वाड्या, दापोली, आता आमची पेठ.
मला काउंटरवरची भांडणं आठवली.
सासू म्हणते शेंदरी, सून म्हणते केशरी,
आणि मी मनात दोघींना आंधळं ठरवलेलं.

तिनं कागदावर वंशवेल काढली.
पुरुषाला चौकोन, बाईला गोल.
हर्षदचा चौकोन काळा केला.
माझ्या गोलात फक्त एक ठिपका.
"तुमच्याकडून गेलंय.
तुमच्याकडे बहुतेक वडिलांकडून."

अण्णा.
मंडईत टोमॅटोचा गाळा.
मोतीराम रासकरांचा अंगठा अख्ख्या मंडईला ठाऊक.
एकेक दाबून बघायचे, देठाशी हुंगायचे,
पाटीत एक कच्चा जात नसे.
आम्ही त्याला कसब म्हणायचो.
"बघून कळत नाही का हो?" एका बाईनं विचारलं होतं
आणि ते हसले होते,
जरा जास्तच वेळ.

मग मृण्मयीनं माझ्यापुढं चकत्या मांडल्या,
तिला सगळ्या एकसारख्या.
मी तीन ढीग केले.
ती वहीत बराच वेळ लिहीत राहिली.
बायकांत असं होऊ शकतं, क्वचित, म्हणाली,
कुणाला एक रंग जास्तीचा. पण खात्रीनं नाही सांगत.
खात्री मला नकोच आहे.
एकाच ताग्यातून मला माप चढतं
आणि लेकाला कापड कमी.
कात्री कुणाच्या हातात होती?

हर्षद आता मालधक्क्यावर पावत्या फाडतो.
परवा जेवताना म्हणाला,
आई, डाळिंबी म्हणजे नेमकं काय गं?
मी म्हटलं, लाल, पण...
त्या 'पण'च्या पुढं मला जाता येईना.
बावीस वर्षं, चाळीस नावं, आणि तोंडात घास.
राहू दे, म्हणाला. आमटी वाढ.

रविवारी मंडईत तो टोमॅटो निवडत होता.
अंगठ्यानं. देठाशी हुंगून.
अण्णा गेले तेव्हा हा जन्मलाही नव्हता.
मी पिशवी उघडी धरली.

घरी येऊन, तो आंघोळीला गेल्यावर,
मी खिडकीपाशी एकेक तपासला.
एक कच्चा नाही.
तपासायला नको होतं.